कंडेन्सरचा तुटका पाय

"...पण मास्तर, हा तोडला कुणी?"

शर्वरीने तळहात पुढे केला. त्यावर मेणात बुडवल्यासारखा पिवळट, करंगळीच्या पेराएवढा एक कंडेन्सर, वीज साठवणारा भाग, होता. कंडेन्सरला तारेचे दोन पाय असतात. याचा एकच धड होता. दुसरा मधोमध कापलेला.

एल्याजर मास्तरांनी तळहाताकडे पाहिलं नाही. ते टेबलावरच्या अँप्लिफायरकडे पाहत होते.

"तुला काय वाटतं?"

"कुणीतरी अडाणी मेकॅनिक असणार. सर्किटचा कागद न वाचता पक्कड चालवणारा."



दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या सोनवण्यांनी पेपर खाली केला, दोघांकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर घेतला.

मनमाड जंक्शनच्या मागच्या गल्लीत एल्याजर साळव्यांचं हे दुकान. इतकं अरुंद, की दोन माणसांना एकमेकांना वाट द्यायची तर भिंतीला पाठ लावावी लागे. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे रेडिओ, ग्रामोफोन, लग्नातले कर्णे, जे जे इतरांनी मोडीत काढलं ते इथं मुकं येई आणि बोलायला लागून परत जाई. मास्तर पंचाहत्तरीचे, सडसडीत. दोन्ही हातांवर जुन्या चटक्यांचे पांढरे डाग. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. एरवी त्यांचा आवाज गावाने फारसा ऐकलेला नव्हता.

सोनवणे निवृत्त पोस्टमन. त्यांचा रेडिओ तीन वर्षांपूर्वीच दुरुस्त होऊन फळीवर बसला होता. तो घरी नेला तर रोज इथं यायला कारण उरणार नाही आणि दिवसभर बायकोसमोर बसावं लागेल, म्हणून ते नेत नव्हते. मास्तरही विषय काढत नसत.

आणि शर्वरी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या नामदेव आहेरांची मुलगी. मँचेस्टरला सहा वर्षं काढून, इलेक्ट्रॉनिक्समधली मोठी पदवी घेऊन, तिथली चांगली नोकरी सोडून ती मागच्या वर्षी परत आली होती. का आलीस म्हणून कुणी विचारलं की अर्धा तास बोले. जग वस्तू फेकायला शिकलं, आपण जोडायचो. ते जोडणारे हात एकेक करून चाललेत. ते जाण्याआधी त्यांच्यातली विद्या उतरवून घेतली पाहिजे, मनमाडमध्येच दुरुस्तीची शाळा काढली पाहिजे. बोलताना तिचे डोळे चमकत. लोक सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, पण नोकरी खरंच सोडलीस का?

शाळेला गुरू हवा. आणि व्हॉल्व्हची विद्या हातात असलेला माणूस या टापूत एकच उरला होता.

पहिल्यांदा ती आली तेव्हा उंबऱ्याबाहेर बूट काढायला वाकली, गुरूच्या दारात काढतात तसे. मास्तर आतूनच म्हणाले, "घालूनच ये. इथं देव नाही, करंट आहे."

आत आल्यावर त्यांनी सांगितलं, की आपण कुणाला शिकवत नाही. ती दुसऱ्यांदा आली तेव्हाही तेच सांगितलं.

तिसऱ्यांदा तिने पदवीचं नाव काढलं नाही, शाळेचं काढलं नाही. नुसती उभी राहिली. मास्तर बराच वेळ एका रेडिओत डोकं घालून होते. मग डोकं तसंच आत ठेवून म्हणाले, की एक यंत्र तू एकटीने उभं करून आण. मी चालू करून बघेन. मनास आलं तर हे स्टूल तुझं. नाही आलं तर या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

मास्तरांच्या टेबलाशी दोन स्टुलं होती. एकावर ते बसत. दुसऱ्यावर कुणी बसलेलं सोनवण्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

आज ते यंत्र टेबलावर होतं.

गिटारचा अँप्लिफायर. विलायती, साठ वर्षांपूर्वीचा, व्हॉल्व्हचा. मालेगाव रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे सायकलींच्या सांगाड्यांखाली तिला सापडला, तेव्हा त्याच्यात मागच्या बाजूने शिरून एक कोंबडी अंडी घालत होती. भंगारवाल्याला तो कुठून आला ते आठवत नव्हतं. कोंबडी मात्र त्याची नव्हती, हे त्याने दोनदा सांगितलं.

सात महिने शर्वरी त्यावर राबली. तिचा एकच हट्ट होता: ज्याने हे पहिल्यांदा बनवलं, त्याच्या टेबलावरून ते जसं उठलं, तसंच ते पुन्हा झालं पाहिजे. एक स्क्रूही वेगळा नको. त्याच सालचे भाग शोधत तिने जगभरच्या म्हाताऱ्या संग्राहकांना पत्रं लिहिली. पुढचं जाळीदार कापड रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतलं. लाकडाच्या खोक्यावर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासला होता, तो नखाएवढा नखाएवढा खरवडून काढला. व्हॉल्व्हची एक जोडी हंगेरीहून येताना फुटली, तेव्हा दोन दिवस ती जेवली नाही.

मधल्या काळात कुणीतरी यंत्राला तीन पिनांची जाडजूड काळी वायर लावली होती. तिने ती काढून फेकली आणि सुती वेष्टणाची, दोन पिनांची, त्या काळची वायर लावली.

तरीही यंत्र गुरगुरत होतं. कुणी वाजवत नसतानाही आतून एक बारीक घरघर येई. सर्किटचा कागद पुढे घेऊन ती एकेक जागा तपासत गेली आणि तळाशी तिला हा कंडेन्सर दिसला. विजेच्या वायरीपासून यंत्राच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत जाणारा. कागदावर तो जोडलेला होता. यंत्रात एक पाय कापून तसाच लोंबत ठेवलेला.

त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा, त्याच सालचा, डबीतून कधी बाहेर न आलेला कंडेन्सर तिला बेल्जियममध्ये मिळाला. मीटर लावून पाहिला, आकडा बरोबर. तिने कथिलाचा डाग देऊन तो पक्का केला. गुरगुर थांबली. यंत्र समाधी लागल्यासारखं शांत झालं.

हे सगळं तिने मास्तरांना सांगितलं. सांगताना जरा भराभरच बोलली. मास्तर ऐकत होते. मधे एकदा त्यांचा हात यंत्राच्या मागच्या पत्र्यावरून फिरला आणि खालच्या कोपऱ्यातल्या एका पोच्यावर थांबला.

शर्वरीला वाटलं, ते काम पाहतायत.

सोनवण्यांना राहवलं नाही. मास्तर, एवढी तर आमच्याकडे नवरीही नटत नाही, असं म्हणून त्यांनी शिफारस केली, की आता फार वेळ न काढता बोहल्यावर चढवून टाका.

मास्तरांनी विचारलं, "वाजवणार कोण?"

शर्वरी बाकीच्या प्रश्नांची तयारी करून आली होती. कुठे किती व्होल्ट मिळतात, कोणता व्हॉल्व्ह किती तापतो, सगळं वहीत टिपलेलं होतं. हा प्रश्न वहीत नव्हता.

ती म्हणाली, बाबा वाजवणार. येत्या रविवारी निवृत्त रेल्वेवाल्यांचा मेळावा आहे. बाबा भुसावळला कॉलेजात असताना गिटार वाजवायचे. लग्नानंतर ती कपाटावर गेली ती चौतीस वर्षं तिथंच राहिली. आता शर्वरीनेच गळ घातली म्हणून खाली आली. रोज संध्याकाळी बोटं सोलवटून घेतायत, पण एक गाणं बसवलंय.

"चप्पल घालून?"

शर्वरी हसली. "बाबा? स्टेजवर चप्पल? पायरीला हात लावल्याशिवाय चढायचे नाहीत ते."

"स्टेज लाकडाचा?"

स्टेज कसला, मैदानातला दगडी ओटा. त्यावर पाणी मारून घेतात, धूळ उडू नये म्हणून. पंधरा-पंधरा दिवसांनी नळाला पाणी येणारं गाव, पण मेळाव्याच्या सकाळी टँकर येतोच, अशी पुस्ती सोनवण्यांनी जोडली. मेळाव्याच्या कमिटीत ते होते.

"गाणारही तेच? माइकवर?"

"तेच."

मास्तरांनी मान हलवली. शर्वरीला हे प्रश्न जरा पोरकटच वाटले. म्हातारपणी माणूस यंत्राचं विचारायचं सोडून चपलांचं विचारू लागतो, असं तिच्या मनात आलं. लगेच त्याची तिला लाजही वाटली.

"लाव," मास्तर म्हणाले.

तिने कंडेन्सर टेबलाच्या कडेला ठेवला, पिन बोर्डात खोचली, बटण दाबलं. व्हॉल्व्ह आधी नुसते काचेचे होते. मग त्यांच्या पोटात नारिंगी धग हळूहळू जागी झाली.  स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. ना घरघर, ना खरखर.

ती सात महिने या शांततेसाठी जागली होती.

बाबांची गिटार तिने सोबत आणली होती. तारांवर एकदा हात फिरवला. स्वर आला तो गोल, भरलेला, चांगल्या भाकरीसारखा कडांना किंचित करपलेला. गल्लीतून जाणारा एक हातगाडीवाला थांबला. सोनवण्यांनी चष्मा काढून पुसला.

"छान," मास्तर म्हणाले.

शर्वरीची नजर आपोआप दुसऱ्या स्टुलाकडे गेली.

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला, घरोघरी असतो तो, करंट असला की मुठीत इवला दिवा पेटणारा. तो त्यांनी तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

शर्वरीने तो बाजूला सरकवला आणि रिकाम्या झालेल्या जागेत गिटार आडवी ठेवली.

मास्तर बघत होते...

"पिन काढ. उलटी करून लाव."

दोन पिनांची वायर बोर्डात कशीही बसते, सुलटी किंवा उलटी. तिने काढली, फिरवली, पुन्हा खोचली. व्हॉल्व्ह पुन्हा जागे झाले. तीच शांतता. काही फरक नाही मास्तर, असं तिने समाधानाने सांगितलं.

"नाही ना..."

मग मास्तर उठले.

टेबलापुढे रबराची एक जाड चटई होती, काम करताना त्यावर उभं राहायचं. मास्तर तिच्यावरून खाली उतरले. एक चप्पल काढली. दुसरी काढली. दोन्ही सरळ लावून ठेवल्या.

पन्नास वर्षांत दुकानात अनवाणी न दिसलेला माणूस. सोनवण्यांचा पेपर हळूहळू खाली आला.

मास्तरांनी माठावरचा तांब्या घेतला. काठोकाठ भरलेला. आणि तो शांतपणे फरशीवर ओतला.

"अहो मास्तर, पाणी..." सोनवणे खुर्चीतून अर्धे उठले. मनमाडमध्ये भरला तांब्या कुणी फरशीवर ओतत नाही. दुखवट्याच्या घरीसुद्धा जपून वापरतात.

शाहाबादी फरशीवर पाणी पसरलं. मास्तर त्यात जाऊन उभे राहिले. नुसते तळवे. पाण्याला बोटांमधून वाट मिळाली.

"तुझे बाबा असेच उभे राहतील ना?"

"हो..." शर्वरी म्हणाली. तिला अजून काही कळत नव्हतं.

मास्तरांनी उजवा हात उचलला आणि गिटारच्या तारांकडे नेला. सावकाश, झोपलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तसा.

एक वीत राहिली.

शर्वरी त्या हाताकडे पाहत होती. चटक्यांचे पांढरे डाग. खाली पाणी. पाण्यात अनवाणी पाय...

चार बोटं.

आणि मग तिला मँचेस्टरचा तो वर्ग दिसला. भिंतीवरच्या पडद्यावर जुन्या यंत्रांचं सर्किट. विजेच्या वायरीपासून सांगाड्यापर्यंत जाणारा एक कंडेन्सर. प्राध्यापक सांगत होते, याला मेकॅनिक लोकांनी नाव ठेवलंय, मारेकरी. जुना झाला की, डबीत पडून झाला तरी, हा आतून गळतो आणि पिन उलटी बसली की सगळी वीज सांगाड्यात सोडतो. सांगाड्यातून गिटारच्या वायरीत, वायरीतून तारांत, आणि वाजवणारा ओल्या जमिनीवर असला किंवा माइकला टेकला की त्याच्या अंगातून. वर्ग हसला होता. तीही हसली होती. परीक्षेत त्यावर चार मार्कांचा प्रश्न होता.

तिला चारही मिळाले होते.

दोन बोटं.

काय केलं ते तिला नंतर आठवलं नाही. तिने वायर दोन्ही हातांनी धरून अशी ओढली, की पिनेबरोबर लाकडी बोर्डही भिंतीतून निम्मा उपसून आला. मागच्या फळीवरचा एक कर्णा खाली पडून गडगडत दारापर्यंत गेला.

व्हॉल्व्हमधली धग विझायला वेळ लागला. 

मास्तरांचा हात तसाच पुढे होता.

"का काढलीस?"

शर्वरीने हातातली वायर खाली टाकली. 

"आवाज तर छान होता..."

"करंट," ती म्हणाली.

"कुठं?"

"तारांत."

"कुणी सोडला?"

बाहेर प्लॅटफॉर्मवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. ती संपली.

"...मी."

मास्तरांनी हात खाली घेतला. पाण्यातून बाहेर आले, खांद्यावरच्या फडक्याने पाय कोरडे केले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. चपला घातल्या. मग बोर्ड भिंतीत दाबून बसवला, यंत्राची पिन पुन्हा तशीच उलटी लावली, चटईवर उभे राहिले आणि टेस्टर उचलून तिच्या हातात दिला.

तिने टेस्टरचं टोक गिटारच्या तारेला टेकवलं. फक्त टेकवलं.

मुठीतला दिवा लख्ख पेटला.

शर्वरीला तो दिवा दिसला आणि लगेच त्याच्या पलीकडचा रविवार दिसला. ओला ओटा. पायरीला हात लावून चढणारे बाबा. चौतीस वर्षांनी गळ्यात अडकवलेली गिटार. डावा हात तारांवर, ओठ माइकपाशी. आणि बाजूला बोर्डाशी उभी राहून हौसेने पिन लावणारी ती स्वतः.

ती खाली बसली. ओल्या फरशीवरच.

सोनवणे उठून आले आणि त्यांनीच बटण बंद केलं.  मास्तर, हे काय वेड्यासारखं, हे वय आहे का असले खेळ करायचं, असं काहीबाही ते बोलत राहिले.  मग त्यांनी कर्णा उचलून जागेवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

"तुला माहीत नव्हतं?" मास्तरांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. शर्वरी खोटं बोलली नाही.

"परीक्षेला होतं."

"हं..."

तो जुना, पाय कापलेला कंडेन्सर टेबलाच्या कडेला पडला होता. मास्तरांनी तो उचलून उजेडाकडे धरला.

"हा मी तोडला."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, थांबत थांबत.

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. रेल्वेवाल्यांचा नाचगाण्याचा एक हॉल होता, आता तिथं गोदाम आहे. हा अँप्लिफायर तिथला. वाजवायचा लॉरेन्स, इंजिनावरचा फायरमन. गळा असा, की पार्सल ऑफिसचे हमालही खिडकीशी येऊन उभे राहायचे. मास्तरांचा तो जिवाचा दोस्त. नाताळ तोंडावर आला आणि यंत्र गुरगुरायला लागलं. लॉरेन्सने ते मास्तरांकडे आणलं. गावात सर्किटचा कागद वाचता येणारे मास्तर एकटे. त्याचा त्यांना तोरा होता. त्यांनी कागद पुढे घेतला, आतला एक कंडेन्सर जळून गेलेला दिसला. त्या जागी तसाच, जुन्या मालातला, नवा म्हणून घेतलेला बसवला. गुरगुर थांबली. लॉरेन्सने त्यांना उचलून गोल फिरवलं. तेव्हा यंत्र टेबलावरून पडलं होतं. तो कोपऱ्यातला पोचा त्याचा.

नाताळच्या संध्याकाळी हॉल भरलेला. दुपारीच फरशी धुतली होती. लॉरेन्सचे बूट ड्यूटीवरून भिजून आलेले. पहिली दोन गाणी झाली. मधे कुणीतरी पंख्यासाठी यंत्राची पिन काढली आणि पुन्हा लावली, उलटी की सुलटी कोण बघतो. तिसऱ्या गाण्याला लॉरेन्सने तारा धरल्या आणि ओठ माइकला लावले.



सोनवण्यांनी मान खाली घातली होती. ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत मास्तरांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"तो हलायला लागला," मास्तर म्हणाले. "सगळं अंग. लोकांना वाटलं, नवा नाच आहे."

...

"टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बोर्डाशी उभा राहून."

शर्वरीने तोंडावर हात घेतला.

मास्तर पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज रोजचा झाला होता. दुसऱ्या दिवशी, लॉरेन्सला माती देऊन आल्यावर, त्यांनी यंत्र उघडून त्या कंडेन्सरचा पाय कापला आणि तीन पिनांची, अर्थिंगची वायर लावली. हॉलवाल्यांनी ते यंत्र पुन्हा कुणाला वाजवू दिलं नाही. मास्तरांनी कुणाला शिकवलं नाही.

शर्वरीने विचारलं, की मग सगळाच का नाही काढून टाकला? लोंबता का ठेवला?

"काढला असता तर रिकामी जागा दिसली असती. रिकामी जागा दिसली की हुशार माणूस भरतो." मास्तरांनी कंडेन्सर तिच्या पुढ्यात ठेवला. "कापलेला दिसला तर विचारेल, का कापला."

"मी विचारलं..."

"विचारलंस. जोडून झाल्यावर. आणि का नाही विचारलंस, कुणी ते विचारलंस."

शर्वरी उठली. कपडे मागून भिजले होते. तिने वही बॅगेत टाकली, गिटार तिच्या पिशवीत घातली, चेन लावायला दोनदा चुकली. म्हणाली, की यंत्र इथंच राहू द्या, मोडून टाका. शाळाबिळा काढायची माझी लायकी नाही. बाबांना मी सांगेन काहीतरी. आणि तुमच्या अटीप्रमाणे या गल्लीत पुन्हा येणार नाही.

मास्तरांनी ड्रॉवर उघडला. आतून पक्कड काढून टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला मूठ करून.



"यंत्र बंद असलं तरी आत करंट साठून राहतो. माहीत आहे?"

"हो."

"परीक्षेला होतं?"

"...हो."

"मग आता हाताने कर."

शर्वरीने बॅग खाली ठेवली. चटईवर गेली. बोर्डाचं बटण बंद आहे का पाहिलं. पिन बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवली. यंत्र उलटं केलं, आत साठलेली वीज मास्तरांच्या मूठवाल्या वायरीने एकेका जागी उतरवली. एका जागी चटकन निळी ठिणगी उडाली तेव्हा दचकून मागे सरली. पुन्हा पुढे झाली. मीटर लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. करंट छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात कधी पाठीमागे गेला, तिला कळलं नाही. मास्तरांना दिसलं.

बेल्जियमहून आलेला तो देखणा, डबीतला कंडेन्सर तिच्या समोर होता. तिने पक्कड लावली आणि एक पाय कापला. मधोमध. बाकीचा तसाच लोंबत ठेवला.

मग न सांगता दोन पिनांची सुती वायर सोडवायला घेतली. मास्तरांनी फळीवरून तीन पिनांची काळी वायर काढून तिच्यापुढे टाकली. तिने अर्थिंगची तार सांगाड्याला घासून, घट्ट, स्क्रूने पक्की केली आणि ओढून पाहिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदाही.

यंत्र चालू केलं तेव्हा स्पीकरमधून बारीक घरघर येत होती. कागदाबाहेरची. सात महिने जिचा तिने पिच्छा पुरवला, ती.

टेस्टर तारांना टेकवला. दिवा पेटला नाही. पिन उलटी करून पाहू म्हणून तिने हात नेला आणि तिच्या लक्षात आलं, की तीन पिना उलट्या बसतच नाहीत.

सोनवणे दारातून हे सगळं बघत होते. ते हळूच म्हणाले, रविवारी मी ओट्यावर चटई टाकून घेतो, आणि आहेर गार्डना सांगतो, की कमिटीचा ठराव आहे, वाजवणाऱ्याने चप्पल घालूनच चढायचं. देवाला काय सांगायचं ते मी बघतो.

कुणी हसलं नाही. पण दुकानात श्वास घेता येऊ लागला.

मास्तरांनी दुसरं स्टूल पायाने पुढे ओढलं. फडक्याने त्यावरची धूळ झटकली.

शर्वरी बसली नाही. ती फरशीवर बघत होती. पाणी अर्धं सुकलं होतं. मधोमध दोन तळव्यांच्या आकाराच्या जागा अजून ओल्या होत्या.

"मास्तर..."

"हं."

"मी वायर ओढली नसती तर?"

मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. कुणाचासा उघडा रेडिओ पुढे ओढून घेतला.

"...तर शिकली असतीस. माझ्यासारखी."